डॉ. खानखोजे यांस स्पॅनिश किती येत होते?

आषाढी एकादशीस पंढरपूर ज्यांस घडत नाही अशा खानदेशकरांपैकी पुष्कळांची पावले त्या दिवशी पिंप्राळ्याकडे वळतात. पिंप्राळा आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत मोडते, आणि शहर व गाव यांमधील शेते घरांनी भरून गेली आहेत. तथापि रथाच्या दिवशी ते पुन्हा गाव होते. रथ माणसे ओढतात, पुढे भजने चालतात, आणि चाकांपाशी मोगरी घेतलेले सेवेकरी वाकून चालत असतात. मोगरी म्हणजे चाकाखाली सारावयाचा लाकडी ठोकळा. रथास लगाम नाही. त्यास थोपवावयाचे किंवा वळवावयाचे ते मोगरीनेच. मध्यंतरी एका एकादशीस आम्ही तेथे एका स्नेह्यांच्या घरी उतरलो असता एक लहानसा प्रश्न निघाला, आणि त्यातून प्रस्तुत लेखाचा विषय आमच्या मनात शिरला.

स्नेह्यांचा पुतण्या परदेशांशी व्यवहार असलेल्या एका कारखान्यातील नोकरीसाठी अर्ज भरीत बसला होता. अर्जात स्पॅनिश भाषेच्या ज्ञानाचा एक रकाना असून त्यापुढे उत्तम, मध्यम व अल्प असे तीन चौकोन होते. मुलाने दीड वर्ष ती भाषा मन लावून शिकली होती. वर्गात बोलला होता, परंतु ती ज्याची मायबोली आहे अशा मनुष्याशी एक वाक्यही बोलण्याचा प्रसंग त्यास आला नव्हता. ‘नाना, कुठे खूण करू?’ असे त्याने आम्हांस विचारले. आमचे स्वतःचे स्पॅनिश पुस्तकी, तेही कोश हाताशी असेल तर. तेव्हा आम्ही जरा घुटमळलो. इतक्यात ओसरीवर माळ ओढीत बसलेल्या आजीबाईंनी मान वर करून विचारले, ‘येस का रे तुले ती भाषा?’ मुलगा हसून म्हणाला, ‘येस थोडी थोडी, मोठमाय.’

हे ‘येस’ आमच्या मनात घोळत राहिले. मराठीत काय अथवा अहिराणीत काय, भाषा माणसास ‘येते’. पोहणे येते, स्वयंपाक येतो, तशीच भाषाही येते. ती कर्ता, आणि मनुष्य बिचारा चतुर्थीत उभा. स्पॅनिश मनुष्य हाच प्रश्न ‘आब्ला उस्तेद एस्पान्योल?’ म्हणजे ‘आपण स्पॅनिश बोलता काय?’ असा विचारतो; तेथे सारी जबाबदारी बोलणाऱ्यावर. गंमत अशी की, आवडीनिवडीच्या बाबतीत तीच स्पॅनिश आपल्या वाटेने चालू लागते. ‘मे गुस्ता’ याचे शब्दशः मराठी ‘मला आवडते’ असेच होते. इंग्रजीस ही रचना साधत नाही. एखाद्यास अमुक भाषा किती येते हा प्रश्न आपण सहज विचारतो, परंतु त्याचे उत्तर कशावरून द्यावयाचे याचा विचार क्वचितच करतो. आणि ज्यास विचारावयाचे तो मनुष्य हयात नसेल तर? इतिहासाच्या अभ्यासकास नेहमी हाच प्रसंग येतो.

फराळाचे ताट पुढे आले तेव्हा आम्ही मुलास म्हटले, ‘अर्ज राहू दे, आधी ह्या ताटात स्पॅनिश किती आहे ते पाहू.’ एकादशीस खानदेशी घरात जे खावयास चालते त्यातील बहुतेक पदार्थ स्पेनच्या गलबतांनी अमेरिका गाठण्यापूर्वी आपल्याकडे कोणीही पाहिलेले नव्हते. बटाटा, रताळे, शेंगदाणा, ज्यापासून साबूदाणा करितात तो कंद, पपई, पेरू, फार काय हिरवी मिरचीसुद्धा, ही सारी अमेरिकेची लेकरे. राजगिऱ्याचे मूळ घरही तिकडचेच. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात घोळून वड्या पाडतात व त्यांस ‘आलेग्रीया’ म्हणजे ‘आनंद’ म्हणतात. आपला राजगिऱ्याचा लाडू तो त्यांचा सख्खा भाऊ. ‘बटाटा’ हा शब्द आपणांस पोर्तुगिजांनी दिला, त्यांस स्पॅनिश लोकांनी, आणि त्यांस कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांनी. आणि मुळात तो रताळ्याचा वाचक! म्हणजे आपण आज एकाचे नाव दुसऱ्यास देऊन बसलो आहो. ताटातील वरईची भगर तेवढी जुन्या जगातली. केळेही जुन्या जगातलेच, परंतु त्याचा प्रवास उलट दिशेने झाला: कॅनरी बेटांतून तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मोपदेशकाने ते १५१६ साली अमेरिकेकडील सांतो दोमिंगो येथे नेऊन लाविले, असे इतिहास सांगतो. ज्या जिल्ह्याची ओळख केळीच्या बागांवरून पटते, तेथील वाचकांस ही गोष्ट ठाऊक असावी.

परंतु वस्तू आली म्हणून भाषा येत नाही. १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांच्या मस्तकी होता. म्हणजे गोवा, वसई व चौल ही ठाणी नावापुरती त्याच राजाची. तरीही १५८१ च्या तोमार येथील करारान्वये पोर्तुगालच्या मुलखातील कारभार पोर्तुगीज माणसांकडे व पोर्तुगीज भाषेतच राहिला. मेक्सिको व पेरूच्या खाणींतील रुपे सुरतेस उतरून मोगलांच्या टांकसाळींत त्याचे रुपये पडत. आणि सुरत-बुऱ्हाणपूर हा रस्ता तर खानदेशातूनच जाई. ते रुपे वितळले, त्यावरील स्पॅनिश अक्षरेही वितळली. आपण पाव, पगार, चावी, बादली, पाद्री, घमेले असे शब्द घेतले ते पोर्तुगिजांकडून. स्पॅनिश लोकांशी गाठ पडती तर भाकरीच्या त्या परदेशी भावंडास आपण ‘पाव’ न म्हणता ‘पान’ म्हणालो असतो, आणि मग विड्याच्या पानाची मोठीच पंचाईत होती.

मराठी माणूस आणि स्पॅनिश भाषा यांची खरी, आयुष्यभराची म्हणावी अशी गाठ पडली ती विसाव्या शतकात. आणि ती घडवून आणणारा पुरुष वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, परंतु त्यांच्याविषयी ‘गदरवाले’ आणि ‘मेक्सिकोतले’ या दोन शब्दांपलीकडे माहिती असणारे थोडे. टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देश सोडून जपानमार्गे अमेरिकेस गेला. तेथे त्याने एका सैनिकी विद्यालयात शिक्षण घेतले, आणि पुढे ऑरिगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील विद्यालयांत शेतकीचा अभ्यास केला. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत तो होता. पहिल्या महायुद्धात त्याने इराणात जाऊन इंग्रजांशी लढत दिली. युद्धानंतर बर्लिन व मॉस्को पाहिले. मायदेशाचे दार बंद होते, आणि ज्यांच्या बळावर ते उघडावयाचे ते एकेक आधार गळून पडत होते. अशा स्थितीत १९२४ साली, वयाच्या चाळिशीच्या सुमारास, खानखोजे मेक्सिकोत उतरले.

चाळिशी हे वय नवी भाषा शिकण्याचे नव्हे, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यापूर्वी त्याच शहरी मानवेंद्रनाथ रॉय येऊन गेले होते, व त्यांचे हिंदुस्थानविषयक स्पॅनिश पुस्तक १९१८ मध्ये मेक्सिकोत छापलेही गेले होते. परंतु रॉय तेव्हा तिशीच्या सुमाराचे होते, आणि त्यांची भाषा राजकारणाची व सभेची. खानखोज्यांच्या पुढ्यात निराळेच काम आले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. वनस्पतिशास्त्र आणि पिकांची पैदास हे त्यांचे विषय. मेक्सिकोतील राज्यक्रांतीची धग तेव्हा निवालेली नव्हती. जहागिऱ्या मोडून जमिनी शेतकऱ्यांस वाटल्या जात होत्या, आणि चापिंगोचे विद्यालयसुद्धा एका जुन्या जहागिरीच्या वाड्यातच नुकतेच आणून बसविले होते.

त्या विद्यालयाचे एक ब्रीद आहे. त्याचा आशय असा की, येथे जमिनीचे ‘एक्स्प्लोतासिओन’ शिकवितात, माणसाचे नव्हे. हा एक शब्दच एखाद्याच्या स्पॅनिशची परीक्षा घेण्यास पुरेसा आहे. जमिनीस लाविला असता त्याचा अर्थ मशागत करून पीक काढणे, आणि माणसास लाविला असता पिळून घेणे. ‘शोषण’ म्हणावे तर जमिनीवर अन्याय. ‘लागवड’ म्हणावे तर माणसास तो लागूच पडत नाही. इंग्रजीतही ब्रीदाची धार थोडी बोथटच होते. आम्हांस विचाराल तर मराठीत ‘जमीन राबवावी, माणसास राबवू नये’ हे त्याच्या सर्वांत जवळ जाते. वर्ध्याकडच्या कास्तकारांत वाढलेल्या मनुष्यास दारावरील ते अक्षर वाचताना कोशाची गरज पडली नसावी, असे आमचे अनुमान आहे. परंतु अनुमान ते अनुमानच.

तेव्हा प्रश्न असा: त्यांस स्पॅनिश किती येत होते? ज्यांनी धुळ्यास देह ठेविला त्या राजवाड्यांनी आपणांस एक शिस्त लावून दिली आहे. मनुष्याविषयी लोक काय म्हणतात हे मागाहून पाहावे. आधी कागद काय म्हणतो ते पाहावे. १९२६ च्या डिसेंबरात राजवाडे गेले, आणि त्यांच्या दप्तरांसाठी लगेच धुळ्यात जे संशोधन मंडळ निघाले त्याच्या कपाटांसमोर उभे राहिले की ही शिस्त आपोआप आठवते. खानखोज्यांचे कागद आहेत. मक्याच्या नव्या जातींवरील त्यांची पत्रिका १९३० साली स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९३६ साली ‘माइस ग्रानादा’ या विलक्षण मक्यावरील दुसरी. ‘ग्रानादा’ म्हणजे डाळिंब. नेहमीच्या मक्यासारखे एकच सरळ कणीस न धरता अनेक दाणेदार फाटे एकत्र धरणारा हा मका, म्हणून हे नाव. स्पॅनिशमध्ये हाच शब्द हातबॉम्बासही चालतो. गदर पक्षाच्या जुन्या शिपायास हे नाव ठेवताना गालात हसू आले असेल की काय, कोण जाणे!

परंतु छापील शास्त्रीय पत्रिका हा भाषाज्ञानाचा फार भक्कम पुरावा नव्हे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. शास्त्राची भाषा मोजक्या शब्दांची असते. लॅटिन नावे आयती मिळतात. आणि छापण्यापूर्वी सहकाऱ्याची लेखणी मजकुरावरून फिरणे ही कोणत्याही विद्यालयातील नित्याची गोष्ट. त्याहून वजनदार पुरावा दुसराच आहे. खानखोज्यांनी चापिंगोच्या परिसरातील खेड्यांत शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकर्त्रीने १९२८ च्या सुमारास त्या शाळांची छायाचित्रे घेतली. खेड्यातला शेतकरी म्हणजे विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हे. तो गुणांसाठी बसत नाही; त्यास कळले नाही तर तो उठून जातो, व दुसऱ्या दिवशी येत नाही. शिवाय तेस्कोकोच्या आसपासच्या कित्येक खेड्यांत घरची बोली नाउआत्ल, आणि स्पॅनिश ही सरकारची व बाजाराची. म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी असे दोघेही परक्या भाषेत एकमेकांस भेटणारे. अहिराणी किंवा लेवा बोली घरात बोलून शाळेत पुस्तकी मराठीस तोंड देणाऱ्या खानदेशी वाचकास ह्या प्रसंगाचे चित्र अधिक फोड करून सांगणे नलगे. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीने तर १९०७ साली खानदेशीस मराठीपासून वेगळे काढून भिल्ली बोलींच्या शेजारी नेऊन बसविले होते! आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. त्यांस ‘मराठी किती येते’ असा रकाना कोणी भरावयास दिला असता तर काय खूण पडती?

अशा शाळेत लागणारे स्पॅनिश कसले असेल याचा विचार केला म्हणजे खानखोज्यांच्या अडचणी आणि सोयी दोन्ही दिसू लागतात. सोयी थोड्या नव्हत्या. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य. स्वर पाच आणि निर्मळ. इंग्रजी बोलणाऱ्या प्राध्यापकाची जीभ जेथे अडखळते तेथे मराठी जीभ निर्धास्त चालते. आपल्याकडे लिंगे तीन, तिकडे दोनच. तीन सांभाळणाऱ्यास दोहोंचे काय भय? ‘तू’ आणि ‘आपण’ हा भेदही तेथे आहे, आणि पांढऱ्या मिशांच्या शेतकऱ्यास ‘तू’ म्हणावयाचे नाही हे आपल्या माणसास शिकवावे लागत नाही. ‘उस्तेद’ हे आदराचे सर्वनाम मुळात ‘आपली मेहेरबानी’ अशा अर्थाच्या संबोधनापासून झिजून तयार झालेले आहे. ‘साहेबांची स्वारी’ म्हणणाऱ्या समाजास यात नवल ते काय?

अडचण होती ती ‘आहे’ या एका शब्दाची. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ दोन: ‘सेर’ स्वभावाचे, ‘एस्तार’ अवस्थेचे. फळ ‘एस वेर्दे’ म्हटले तर त्याचा रंगच हिरवा. ‘एस्ता वेर्दे’ म्हटले तर ते अजून कच्चे आहे. प्रेमकविता लिहिणाऱ्याची येथे चूक झाली तर फारसे बिघडत नाही, परंतु पिकाच्या जाती शिकविणाऱ्याने ‘ही जात हिरवी’ आणि ‘हे कणीस अजून हिरवे’ यांत घोटाळा केला तर शेतकऱ्याने काढणी केव्हा करावी? दुसरी खोड ‘र’ची. जीभ एकदा टेकविली तर ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’. लांबवून थरथरविली तर ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. वर्गात प्रत्येक ‘परंतु’स कुत्रा येऊन बसू लागला तर मुले हसणारच. खानखोज्यांच्या वर्गातही असे हशे उठले असतील असे आम्ही धरून चालतो, कारण परदेशी शिक्षकाचा वर्ग त्यांवाचून असत नाही.

तिसरा पुरावा लोक हटकून पुढे करितात तो चित्राचा. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीत १९२८ पर्यंत जी भित्तिचित्रे काढिली त्यांपैकी ‘एल पान नुएस्त्रो’, म्हणजे ‘आमची भाकरी’, या चित्रात मेजापाशी भाकरी वाटणाऱ्या पुरुषाचा चेहरा खानखोज्यांचा आहे असे सांगतात. (येथे तो ‘पान’ शब्द भेटला!) चित्र पाहून अभिमान वाटतो, आणि वाटावाही, परंतु भिंतीवरील माणूस बोलत नाही. चित्रावरून एवढेच सिद्ध होते की, तेथल्या लोकांनी ह्या मनुष्यास आपल्या मेजावर बसविले. भाषेच्या दृष्टीने ही साक्ष अगदीच निरुपयोगी नव्हे, पण ती आडवाटेने येते.

याच्या उलट दिशेने आलेल्या एका पुरुषाची आख्यायिका येथे आठवते. जर्मन पाद्री महायुद्धामुळे मुंबईतून गेल्यावर त्यांच्या जागी स्पेनमधून जेसुइट मंडळी आली. त्यांपैकी बार्सेलोनाजवळ जन्मलेले फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये सेंट झेवियर कॉलेजात इतिहास शिकविण्यास रुजू झाले. कोणता इतिहास शिकवाल असे प्राचार्यांनी विचारता ते ‘हिंदुस्थानचा’ म्हणाले. त्यातले काय येते असे विचारता ‘काही नाही’ म्हणाले. मग शिकवाल कसा, तर ‘शिकून’. पाच वर्षांत त्यांचा विजयनगरच्या आरविडू घराण्यावरील ग्रंथ बाहेर पडला. फादर हेरास यांच्या त्या ‘काही नाही’ला अर्जाच्या तीन चौकोनांत जागा नाही, आणि ‘शिकून’ला तर नाहीच नाही. १९२४ च्या चापिंगोत खानखोज्यांस हाच प्रश्न विचारला गेला असता तर स्पॅनिशपुरते त्यांचे उत्तर फारसे निराळे झाले नसते, असा आमचा तर्क आहे.

आमचे मत विचाराल तर असे. खानखोज्यांचे स्पॅनिश निर्दोष होते असा आग्रह धरण्याची गरज नाही. निर्दोषपणाचा पुरावा नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. त्यांचे स्पॅनिश पुरत होते. सुमारे तीन दशके पुरले. अध्यापनास पुरले, संशोधनास पुरले, शेतकऱ्याच्या बांधावर पुरले. ज्या भाषेत मनुष्य उपजीविका करितो, ज्या देशात त्याच्या मुली जन्मतात व वाढतात, तेथे ‘उत्तम’ आणि ‘मध्यम’ ही मापे हळूहळू निरर्थक होत जातात. त्यांच्या आयुष्यातील खरी हानी भाषेची नव्हे, काळाची होती. ज्या शेतकऱ्यासाठी त्यांनी शेतकी शिकली तो वऱ्हाड-नागपूरचा शेतकरी. आणि त्यांची उमेदीची वर्षे मात्र दुसऱ्याच शेतकऱ्याच्या वाट्यास गेली. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले, पुढे नागपुरास स्थायिक झाले, आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, हिंदुस्थानने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणविले. त्या गव्हाच्या जातींची नावे ‘लेर्मा रोखो’ आणि ‘सोनोरा’. नागपुरात ती नावे वर्तमानपत्रातून वाचताना कोशाची गरज न पडणारा एक वृद्ध गृहस्थ तेव्हा हयात होता. त्याच्याकडे कोणी काही विचारावयास गेले असेल तर बरे.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, वीणा गवाणकरांनी मराठीत. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळाही उभा राहिला. मक्यावरील त्या स्पॅनिश पत्रिका कोणी खानदेशी तरुणाने मराठीत आणाव्या, म्हणजे आमच्यासारख्यांस कोश न उघडता त्या वाचता येतील, असे आम्ही त्या दिवशी पुतण्यास म्हटले. खानदेशात मक्याचे पीक थोडे नाही.

तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याची लेखणी अर्जावरच होती. अखेर त्याने ‘मध्यम’पुढे खूण केली, आणि खाली उरलेल्या जागेत ‘शेतीविषयीचे बोलणे समजते, बोलताना चुका होतात’ असे स्पॅनिशमध्ये लिहून कागद आमच्यापुढे सरकविला. वाक्यातील एक क्रियापद बरोबर की चूक याविषयी आम्हांस शंका आली, व आम्ही ती बोलून दाखविली. त्याने पिशवीतून कोश काढला. तेवढ्यात रथ कोपऱ्यावर आला, बाहेर ‘मोगरी, मोगरी’ असा पुकारा झाला, आणि आजीबाई माळ हातात घेऊन दाराकडे निघाल्या.